पेपरात नाव न आलेल्या आमच्या खो-खोच्या पोरी

खो-खोची बातमी पेपरात कशी छापून येते बघितलंय का कधी? अमुक कॉलेजनं तमुक कॉलेजला एक डाव राखून हरवलं, मग एक नाव आणि त्यापुढं कंसात २.४० मि. व ३ गडी. झालं, संपली बातमी. म्हणजे पोरगी पळली किती आणि मारले किती, एवढ्यावरच तिची ओळख. आमच्या कॉलेजच्या जिमखान्यातला बोर्ड पण तसाच भरलाय, युनिव्हर्सिटी कलर (विद्यापीठाच्या टीमकडून खेळल्याचा मान) मिळालेल्या, अश्वमेधला म्हणजे राज्यातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेला गेलेल्या, वेस्ट झोनची आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेल्या. त्या सगळ्या भारीच होत्या, मी खेळलेय त्यांच्यासोबत, त्यात वाद नाहीच. पण ज्या पोरींमुळं त्या भारी दिसल्या त्यांची नावं कुठंच नाहीत आणि हे मला बरेच दिवसांपासून लिहायचं होतं.

आमच्या धाराशिवकडं खो-खो म्हणलं की आधी सारिका काळेचं नाव निघणार. २०१६ ला गुवाहाटीत साऊथ एशियन गेम्सचं गोल्ड तिच्या कॅप्टन्सीत आलं, २०२० ला अर्जुन पुरस्कार, तो पण खो-खोला बावीस वर्षांनी मिळालेला. आमच्या टीममधल्या दोघीतिघींना घरून खेळायला सोडलं ते तिच्यामुळंच, घरचे म्हणायचे ती खेळायली ना, मग जा तू बी. मग सगळ्यांनाच पळती, म्हणजे पाठलाग चुकवत पळणं, आवडायची. हूल द्यायची, साखळी पळायची म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी पळत राहायचं, बाहेर पब्लिक ओरडायलंय, कुणाला नाही आवडणार.

बसती, म्हणजे रांगेत बसून खो घेत पाठलाग करणं, कुणालाच नको असायची. आणि मॅच तर बसतीतच जिंकतात ओ.

आमच्या टीममधे चौथ्या चौकात, म्हणजे रांगेतल्या बसायच्या चौथ्या जागेवर, बसणारी एक होती, तुळजापूर तालुक्यातली, रोज एसटीनं यायची. तिच्या नावापुढं गडी जवळपास नसायचेच. कारण ती मारायलाच जायची नाही. खो मिळाला की दोन पावलं टाकायची, समोरची पोरगी कुठल्या अंगाला वळायली ते बघायची आणि लगेच पुढचीला खो. ज्यांनी खेळलंय त्यांना कळंल हे किती अवघडंय. आठ जणी एकीआड एक उलट तोंड करून बसलेल्या असतात, उठलेलीला मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, ओलांडता येत नाही, एकदा दिशा धरली की खुंटापर्यंत, म्हणजे टोकाच्या खांबापर्यंत, मागं फिरता येत नाही. मग साखळी पळणारीला अडवायचं कसं? तर ती ज्या अंगाला निघाली त्याच अंगाला तोंड असलेलीला बरोबर त्याच वेळी खो गेला पाहिजे, अर्धा सेकंद लवकर दिला तर ती परत आत घुसते आणि उशिरा दिला तर पुढं निघून जाते. ही पोरगी ते करायची. साखळी तोडायची, पळणारीला खुंटाकडं ढकलायची, आणि तिथं आमची पोल डाईव्हवाली तयारच असायची, सूर मारला की गडी बाद. टाळ्या तिला, फोटो तिचा, पेपरात ४ गडी तिच्या नावावर. तिनं बी मुरमावर गुडघे सोलून घेतलेत, फुकट नाही मिळालं तिला काही. पण त्या चारातले तीन तरी चौथ्या चौकातून आलेले असायचे आणि स्कोअरशीटमधे खो कुणी दिला याला रकानाच नाही.

अजून एक गोष्ट, तिचा फाउल व्हायचा नाही. खो ऐकू यायच्या आधी उठणं, हात न लागता नुसतं ओरडणं, घाईत हे सगळ्यांकडून होतंय. एक फाउल झाला की पळणारीला श्वास घ्यायला वेळ मिळतो आणि सगळी मेहनत पाण्यात. आमचे सर तिला कधी बदलायचे नाहीत. कौतुक बी कधी केलं नाही म्हणा, आणि ते मला आज जास्त खटकतंय.

पळतीत पण असंच. पहिल्या तुकडीत तिघी उतरायच्या, त्यातली एक आमची स्टार. तिला दम लागलाय दिसलं की दुसरी मधे घुसून पाठलाग स्वतःच्या अंगावर घ्यायची, मुद्दाम, आपण बाद होणार हे माहीत असून. तेवढ्या वेळात स्टार पलीकडं उभी राहून दम खायची आणि मग पुढं दोन मिनिटं काढायची. कागदावर काय दिसणार, एकीचे ४० सेकंद आणि एकीचे तीन मिनिटं. निवड समितीसमोर तोच कागद जातो. त्या ४० सेकंदवाल्या पोरीला विद्यापीठाच्या कॅम्पला बोलावणं आलंच नाही आणि फायनल इयरला ती ग्राऊंडवर यायची बंद झाली, लग्न ठरलं होतं.

तिसऱ्या तुकडीचं तर बोलायलाच नको. नऊ मिनिटांच्या डावात पहिल्या दोन तुकड्या टिकल्या की तिसरीला उतरायची वेळच येत नाही. टीम जेवढी चांगली तेवढं यांना खेळायला कमी. पण पहिल्या तुकडीतल्या बिनधास्त रिस्क घ्यायच्या ते मागं या तिघी आहेत म्हणूनच ना.

आणि बाहेर बसणाऱ्या तीन जणी, बारातल्या उरलेल्या. २०१६ चा उन्हाळा आठवा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, आमच्याकडं बी तीच गत. ग्राऊंडवर मारायला पाणी कुठलं, नुसता फुफाटा, डाईव्ह मारली की तोंडात माती. त्या तिघी सगळ्यांच्या आधी यायच्या, खडे वेचायच्या, फक्कीनं रेषा मारायच्या, खुंट हलतोय का बघायच्या. प्रॅक्टिसला समोरची टीम म्हणून पण त्याच पळायच्या. बोर्डावर यांचं नाव लावायला काय हरकत आहे, जागा तर लई आहे.

जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिला वर्ल्डकप झाला, प्रियंका इंगळेच्या भारतीय टीमनं फायनलला नेपाळला ७८-४० नं हरवलं, मॅटवर, टीव्हीवर लाईव्ह. मी सगळ्या पोरींना फोन केले. चौथ्या चौकवाली म्हणली, अगं तू बसलेल्यांकडं बघितलंस का, कसल्या शांत बसल्यात. तिचं लक्ष अजून तिथंच.

मी आता इंटर कॉलेजच्या मॅच बघायला गेले की वहीत एक जास्तीचा रकाना आखते, गडी कुणाच्या खो वर पडला. सोपं आहे, एकीनं लक्ष देऊन बसायचं फक्त. मागच्या फायनलला आमच्या कॉलेजनं पहिल्या डावात मारलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त गडी पाचव्या चौकात बसलेल्या एकाच पोरीच्या खो वर पडले होते, एफ वायची पोरगी, तिलाच माहीत नव्हतं. मी तो कागद सरांना दाखवला, आणि पेपरला पाठवायच्या बातमीत तिचं नाव घालायला लावलं. कंसात काय लिहायचं यावर जरा चर्चा झाली. शेवटी 'अचूक खो' असं लिहून पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी छापून पण आलं.