डोर्सेटच्या शिपायाचं कुत्रं

लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात बसून मी लोकांना त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या लष्करी नोंदी शोधून देतो. बहुतेकदा सुरुवात माफीनेच करावी लागते, कारण पहिल्या महायुद्धातल्या साध्या शिपायांचे निम्म्याहून जास्त कागद सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. जे उरले त्यांना सगळे ‘जळके कागद’च म्हणतात. कडा करपलेल्या, मधे आग विझवताना पडलेल्या पाण्याचे डाग.

त्या दिवशी आलेल्या आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांचे आजोबा डोर्सेट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत होते. नशिबाने कागद वाचले होते. शेतावर गाडी हाकणारा पोरगा, उंची पाच फूट चार इंच. सात वर्षं पलटणीत, पुढची पाच राखीव, अशा बोलीवर भरती. मला शिक्षांचा तक्ता फार आवडतो, माणूस तिथेच सापडतो. पुण्याच्या मुक्कामात दारू पिऊन हजेरीला उशीर. महिन्याभरात पुन्हा तेच. आजी खुदकन हसल्या.

“त्यांना १९१४ चा स्टार, ते पदक, का नाही दिलं?” त्यांचा जुना राग. तो फक्त फ्रान्स-बेल्जियमला गेलेल्यांना. ही पलटण पुण्याहून निघाली आणि नोव्हेंबर १९१४ मध्येच मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, फाव इथे उतरली, पण तिच्या वाट्याला १९१४-१५ चा स्टार. पुढे कुत गावाला तुर्कांचा वेढा. १४७ दिवस. शेवटी शेवटी घोड्याचं मांस. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, मग वाळवंटातून पायपीट. कैद झालेल्या गोऱ्या शिपायांतले निम्म्याहून जास्त परत आलेच नाहीत. हे आले. अडीच वर्षांच्या कैदेसाठी फायलीत एकच शब्द होता: ‘युद्धकैदी’.

“घरी कधी काही बोलले?”

“छे! पण म्हातारपणी कुत्र्याला विचित्रच हाक मारायचे. आम्हाला वाटायचं, अरबी असेल.” आणि त्यांनी ती हाक मारून दाखवली. “इक्काड्ये!”

मी पेन खाली ठेवलं. पुन्हा म्हणायला लावलं. इकडे ये!

आता हे छावणीतल्या एखाद्या पोऱ्याकडून उचललं, की ११७व्या मराठा पलटणीतल्या कुणाकडून? ती पलटण यांच्याच ब्रिगेडमध्ये होती, शैबाला दोघी एकाच लढाईत होत्या आणि कुतलाही एकत्रच अडकल्या. हे कुठल्याच फॉर्मात लिहिलेलं नसतं. मी त्यांना सांगितलं, ही अरबी नाही, माझी आई मला जेवायला अशीच हाक मारायची.

आजी बराच वेळ गप्प बसल्या. मग पाकिटाच्या पाठीवर अक्षरं लिहून घेतली आणि म्हणून पाहिलं, अगदी हळू, वाचनकक्षात मोठ्यानं बोलायचं नसतं म्हणून. ‘ड’ जमेना. मी दोनदा म्हणून दाखवला.

“आणि कुत्रं यायचं?” मी विचारलं.

“लगेच,” त्या म्हणाल्या. “माझी आजी मात्र नाही यायची.”