चौथा सर्व्हर जोडताना: माझा अनुभव

दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर आम्ही कोल्हापुरातून चालवतो. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) यांप्रमाणे ठरणारं दरपत्रक, कोणतं केंद्र कोणत्या मशीनकडे जातं, या सगळ्या नोंदी एटसीडीत असतात. एटसीडी म्हणजे एकच माहिती अनेक सर्व्हरवर सारखी ठेवणारा डेटाबेस; निम्म्याहून जास्त सर्व्हर, म्हणजे बहुमत, चालू असल्याशिवाय तो नवी नोंद घेत नाही. राजारामपुरीतल्या ऑफिसात तीन सर्व्हर होते. त्यांतला एक पडला तर चालतं, दोन पडले तर नाही. म्हणून पुण्यातल्या एका डेटा सेंटरमध्ये दोन घेऊन पाच करायचं ठरलं. पाचांत दोन पडले तरी बहुमत राहतं. (कोल्हापुरातले तिन्ही एकदम गेले तर मात्र पुण्यातले दोघे काही करू शकत नाहीत. पुराचं उत्तर म्हणून हे करू नका.)

मशीन घेणं, लिनक्स टाकणं एका दिवसात झालं. अडलं ते पोर्टपाशी, म्हणजे नेटवर्कवरून मशीनशी बोलायच्या क्रमांकित दारापाशी.

एटसीडीचे सर्व्हर आपसात 2380 वर बोलतात, ॲप्लिकेशन 2379 वर येतं. डेटा सेंटरच्या फॉर्ममध्ये मी दोन्ही पोर्ट लिहिले होते. त्यांनी 2379 उघडला आणि तिकीट 'पूर्ण' म्हणून बंद केलं. बंद तिकीट परत उघडता येत नाही. नवा फॉर्म, पुन्हा दोन कामाचे दिवस. दुसऱ्या वेळी 2380 उघडला, पण फक्त पुण्याहून कोल्हापूरकडे. तिकीट पुन्हा बंद. ते 'पूर्ण' वाचून मी गुरुवारी 'मेंबर ॲड', म्हणजे नवा सर्व्हर सदस्य म्हणून नोंदवायची कमांड, चालवली. नवा सर्व्हर काही जोडला जाईना, यादीत त्याच्यापुढे 'अनस्टार्टेड'. तिसरा फॉर्म भरला आणि ती नोंद तशीच ठेवली. ही माझी चूक. कारण ती कमांड चालली त्याच क्षणी सदस्य चार झाले आणि बहुमत दोनावरून तीनावर गेलं. चौथा सुरूच झालेला नाही, याच्याशी त्या हिशेबाला देणंघेणं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी पावसात वीज गेली आणि ऑफिसातल्या एका सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळाला. जुने दोन जिवंत, पण चारांत दोन म्हणजे बहुमत नाही. पोऱ्याने हाक मारली, "दादा, दरपत्रक चढंना." नवा दर पहाटेपासून लागू व्हायचा होता. एका केंद्राच्या सचिवांचा फोन, "साहेब, पाचला लोकं किटल्या घेऊन येत्यात, दर कुठला लावू?" चौथ्याला काढून टाकावं म्हटलं, तर 'मेंबर रिमूव्ह'लाही बहुमतच लागतं! डेटा सेंटरला फोन केला तर दुसरा शनिवार-रविवार सांगितला. शेवटी मित्राच्या दुकानाचं शटर रात्री उघडायला लावून पॉवर सप्लाय आणला. पावणेदोनला तिसरा उठला, पहिलं काम चौथ्याला काढलं, मग दरपत्रक चढवलं. पहाटे पाचला सगळ्या केंद्रांवर नवा दर होता. त्या रात्रीचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा, तिकिटावर विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंनी स्वतः नेटकॅटने (पोर्ट उघडा आहे का ते बघायची कमांड) 2380 तपासा, मगच जोडा. आणि जोडताना 'लर्नर' म्हणून जोडा, 3.4 आवृत्तीपासून ही सोय आहे. लर्नर डेटा उतरवून घेतो, पण मतात धरला जात नाही, त्यामुळे तो अडला तरी जुन्यांचं बहुमत बिघडत नाही. एका वेळी एकच जोडा. जुना सर्व्हर कायमचा गेला असेल तर आधी त्याला काढा, मग बदली आणा.

पोर्ट बुधवारी उघडला. चौथा लर्नर म्हणून लगेच आला. पहिल्यांदा 'प्रमोट' केलं, म्हणजे लर्नरचा मत असलेला सदस्य करायला गेलो, तर नकार मिळाला, कारण त्याचा डेटा अजून मागे होता. थोड्या वेळाने तीच कमांड चालली. पाचवा मात्र उठेना. त्याच्या कॉन्फिगमध्ये 'इनिशिअल क्लस्टर स्टेट' पुढे 'न्यू' राहिलं होतं, तिथे 'एक्झिस्टिंग' हवं, कारण तो आधीच चालू असलेल्या गटात येत होता. ते बदललं, चाचणीत भरलेली डेटा डिरेक्टरी रिकामी केली आणि दुपारी यादीत पाचही जण 'स्टार्टेड' दिसले. सर्व्हर एकमेकांची ओळख ज्यावरून पटवतात त्या सर्टिफिकेटमध्ये नव्या मशीनचा आयपी घालायचा मात्र आधीच आठवला होता.