स्कापा फ्लोची तयारी : ड्रायसूट आणि टँक एकाच हिशेबात

पुढच्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लोला, बुडालेल्या जहाजांवर डाइव्ह करायला जायचं नक्की झालंय. गेले काही महिने डोक्यात दोनच प्रश्न आहेत : अंगावर काय घालायचं आणि पाठीवर काय घ्यायचं. तारकर्लीला किंवा अंदमानात डाइव्ह करणाऱ्या आपल्या मंडळींना हे प्रश्न फारसे पडत नाहीत. तिथे पाणी २७ ते २९ अंश, ३ मिलिमीटरचा वेटसूट भरपूर होतो आणि टँक म्हणजे बोटीवर ओळीने लावलेले ॲल्युमिनियम ८०. इंग्लंडात आल्यावर मात्र दोन्ही गोष्टी मला पहिल्यापासून शिकाव्या लागल्या. आतापर्यंत कुठवर पोचलेय ते लिहिते.

आधी जागेबद्दल, कारण सगळी निवड तिच्यावरून ठरते. ऑर्कनी बेटांनी वेढलेलं हे पाणी. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ७४ जर्मन युद्धनौका इथे आणून ठेवल्या होत्या. त्यातल्या ५२ त्यांच्याच खलाशांनी २१ जून १९१९ रोजी बुडवल्या. पुढे बहुतेक भंगारासाठी वर काढल्या गेल्या, सात मात्र तळाशी राहिल्या. तीन मोठ्या बॅटलशिप ४० मीटरच्या आसपास उलट्या पडल्या आहेत. त्यांच्याकडे मी सध्या बघतही नाही. मला क्योल्न पाहायची आहे : कुशीवर आडवी झालेली हलकी क्रूझर, तळ साधारण ३५ मीटरवर. माझ्या बीसॅक (ब्रिटिश डायव्हिंग क्लब) स्पोर्ट्स डायव्हर प्रमाणपत्राची मर्यादाही ३५ मीटरच आहे. पाण्याचं तापमान वसंतात ८-९ अंश, उन्हाळा सरताना १३-१४.

८ अंशांचं पाणी म्हटल्यावर वेटसूटचा विषय संपतो, पण त्याचं कारण फक्त थंडी नाही. वेटसूट निओप्रीन या फुगीर रबराचा, आणि निओप्रीनची ऊब असते त्यातल्या बारीक वायूच्या बुडबुड्यांत. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि त्या बुडबुड्यांचं आकारमान चौथ्या हिश्शावर येतं. म्हणजे जिथे ऊब सगळ्यात जास्त हवी तिथेच सूट पातळ होतो, आणि त्याची तरंगण्याची ताकदही जाते. जाड वेटसूट घालून पाठीवर जड स्टीलचे दोन टँक घेतले आणि तळाशी विंग (पाठीवरची हवेची पिशवी, जी आपल्याला तरंगवते) फाटली, तर वर आणणारं दुसरं काहीच उरत नाही. वेटसूटमध्ये स्टीलचा जोड वापरू नये असं जाणकार बजावतात ते यासाठीच. ड्रायसूट आत पाणी येऊ देत नाही आणि त्यात हवा भरता येते, म्हणून तिथे सूटच दुसरी विंग होतो. सूट आणि टँक वेगवेगळे निवडायची गोष्ट नाही, हे मला इथे पहिल्यांदा पटलं.

ड्रायसूटमध्ये मी मेम्ब्रेन घेतला. हे तीन थरांचं पातळ कापड, त्याला स्वतःची ऊब जवळपास नाही. ऊब सगळी आतल्या अंडरसूटची, त्यामुळे ऋतूप्रमाणे आतला थर बदलता येतो. खोलीवर त्याचं तरंगणं बदलत नाही आणि तो लवकर वाळतो. निओप्रीन ड्रायसूट अंगाला छान बसतो, पाणी शिरलं तरी थोडी ऊब टिकवतो, पण दाबाखाली तोही चेपतो. आधीच दाबून घट्ट केलेल्या निओप्रीनचा सूट हा मधला मार्ग, टिकाऊ पण जड. २० मीटरच्या आतच डाइव्ह करणार असाल तर साधा निओप्रीन ड्रायसूटही चांगलाच. त्याहून खोल जायचं असेल तर माझं मत मेम्ब्रेनला.

अंडरसूट ४०० ग्रॅमचा थिन्सुलेट (ऊबदार कृत्रिम धाग्यांचा), त्याखाली मेरिनो लोकरीचा थर. सुती कपडा आत अजिबात नको : घाम धरून ठेवतो आणि थंड पडतो. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग युनिटच्या २००७च्या अहवालात दिसलं की तळाशी शरीर गरम आणि वर येताना गार, ही जोडी डीकम्प्रेशन सिकनेससाठी (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होऊन होणारा आजार) सगळ्यात वाईट. विजेवरचं हीटेड व्हेस्ट तळाशी पूर्ण चालवलं आणि वर येताना थांबायच्या सेफ्टी स्टॉपला बॅटरी संपली, तर नेमकं तेच घडतं. म्हणून मी व्हेस्ट घेतलं नाही, जाड अंडरसूटवरच भर दिला.

आता टँक. आपल्याकडे टँकमधला दाब ५० बारवर आला की वर यायचं हे घोकून घेतात. खोल डाइव्हला तो आकडा चालत नाही, हिशेब करावा लागतो. ३५ मीटरवर बडीची (जोडीदार डायव्हरची) हवा संपली आणि दोघींना माझ्याच टँकवर वर यायचं आहे असं धरा. घाबरलेल्या अवस्थेत प्रत्येकी मिनिटाला २५ लिटर, म्हणजे दोघींचे ५०. तळाशी सावरायला एक मिनिट, तिथल्या ४.५ बार दाबाने गुणून २२५ लिटर. मिनिटाला १० मीटरने वर यायला साडेतीन मिनिटं, सरासरी दाब २.७५ बार, म्हणजे साधारण ४८० लिटर. ६ मीटरवर तीन मिनिटांचा स्टॉप, २४० लिटर. एकूण जवळपास ९४५ लिटर. १२ लिटरच्या टँकमध्ये याचे होतात ७९ बार, १५ लिटरमध्ये ६३, आणि १० लिटरच्या जोडीत ४७. हा राखीव साठा. त्याला हात न लावता जे उरेल तेवढीच आपली डाइव्ह.

त्यामुळे एकट्या १२ लिटरवर ३५ मीटरची डाइव्ह कागदावर बसते, पण थंडीत श्वास वाढतो आणि वेळ भराभर आखडतो. माझ्यासमोर दोन पर्याय होते : १५ लिटरचा एक टँक आणि सोबत ३ लिटरचा पोनी (छोटा राखीव टँक), किंवा आयसोलेटर मॅनिफोल्डने (मध्ये बंद करता येणाऱ्या नळीने) जोडलेले दोन १० लिटर. पोनीत २३२ बारला जेमतेम ७०० लिटर हवा. वरच्याच हिशेबाने एकटीला वर यायला साधारण ४७५ लिटर लागतात, म्हणजे पोनी पूर्ण भरलेला असेल तरच तो खरा आधार. मी १० लिटरचा स्टीलचा जोड घेतला. १२ लिटरचा भरलेला जोड ४० किलोच्या आसपास जातो आणि माझ्या उंचीला तो बोटीच्या शिडीवर पेलणार नाही. जुना टँक घेणार असाल तर खांद्यावर ठोकलेली टेस्टची तारीख आधी वाचा. ब्रिटनमध्ये अडीच वर्षांनी आतून तपासणी आणि पाच वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची चाचणी) लागते, तारीख उलटली असेल तर कुणी भरून देत नाही.

ॲल्युमिनियम ८० रिकामा होत आला की जवळपास दोन किलोने वर ओढतो. अंदमानात तेवढं शिसं कमरेला असतंच, कुणी वेगळा विचार करत नाही. स्टील रिकामं झालं तरी बुडतं, आणि जाड अंडरसूटला खाली धरायला लागणारं बरंच वजन टँकच पुरवतो. माझ्या पट्ट्यावरचं शिसं त्यामुळे चांगलंच कमी झालं. पण सुरुवातीला जोडात पाच किलोहून जास्त हवा असते. वजन ठरवायचं ते डाइव्हच्या शेवटी, ५० बारवर, स्टॉपच्या खोलीवर स्थिर राहता येतं का ते बघून. भरलेल्या टँकवर केलेली तपासणी उपयोगाची नाही.

सराव लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हला चालू आहे. ही पाणी भरलेली जुनी ग्रॅनाइटची खाण, सगळ्यात खोल भाग ३५ मीटरच्या आसपास. मधल्या टप्प्यावर स्टेनगार्थ नावाची छोटी टगबोट मुद्दाम बुडवलेली आहे, तिच्याशेजारी थांबून मी शटडाऊनचा, म्हणजे पाठीवरच्या टँकचे व्हॉल्व्ह बंद करण्याचा, सराव करते. उजवा हात मागे, कोपर कानाजवळ, नॉब बोटांनी शोधायचा, बंद करायचा, दुसऱ्या रेग्युलेटरवर (टँकमधली हवा तोंडाशी आणणारं साधन) जायचं, मग मधला आयसोलेटर, मग डावा. पहिल्या भाड्याच्या सूटमध्ये काखेतलं कापड ताणलं जायचं आणि बोटं नॉबच्या जेमतेम दोन इंच अलीकडे थांबायची. सूटमध्ये थोडी हवा सोडली की कापड सैल पडून हात पुढे जायचा, पण त्याबरोबर मीही वर सरकू लागायचे. म्हणून स्वतःचा सूट शिवून घेताना मापं अंडरसूट घालून, हात मागे टाकून दिली. टँकही पट्ट्यांमध्ये थोडा वर चढवला. आता तिन्ही नॉब हातमोज्यांसकट मिळतात. दुकानात सूट घालून बघाल तेव्हा आरशासमोर उभं राहू नका, मानेमागे हात नेऊन बघा.

रेग्युलेटरबद्दल थोडक्यात : त्यावर ईएन २५० (युरोपीय मानक) बरोबर १० अंशांहून अधिक अशी खूण असेल तर तो या पाण्यासाठी नाही. जोडाला दोन फर्स्ट स्टेज (रेग्युलेटरचा टँकला जोडलेला भाग) असल्याने सूटची हवा एकावरून आणि विंगची दुसऱ्यावरून घेता येते, एकावरच सगळा ताण येत नाही. नायट्रॉक्स ३० (३० टक्के ऑक्सिजनचं मिश्रण) वापरणार आहे, ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाच्या हिशेबाने तो ३६ मीटरपर्यंत चालतो. मात्र त्याने वायूची घनता कमी होत नाही, आणि घन वायू श्वासाला जड जातो. ३५ मीटरवर ती लिटरला ५.८ ग्रॅमच्या आसपास जाते. ५.२ च्या आत राहावं अशी शिफारस आहे आणि ६.२ ही वरची हद्द, त्यामुळे तळाशी जोरात फिन मारायचे नाहीत. ढगळ सूट पाण्याला अडतो, तो अंगासरशी असावा याचंही हे एक कारण.

एक काम राहिलंय. स्टोनी कोव्हचं पाणी गोडं, स्कापाचं खारं. सामानासकट माझं वजन १२० किलो धरलं तर अडीच टक्क्यांनी तीन किलो शिसं वाढवावं लागेल. पहिल्या दिवशी कार्ल्सरूह या बुडालेल्या जहाजावर, जी २५ मीटरच्या आसपासच आहे, शेवटच्या स्टॉपला हे वजन नीट तपासून मगच क्योल्न. आणि ड्राय ग्लोव्हज घ्यावेत की ५ मिलिमीटरचे ओले हातमोजेच ठेवावेत, हे अजून ठरत नाहीये. कोरड्या मोज्यांत नॉब फिरवायचा सराव कुणी केला असेल तर पकड कशी राहते ते जरूर सांगा.