स्लिपवरचा बारा नंबर

रात्री पावणेदहाला सरांना, म्हणजे आमच्या मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या कोचना, प्राचार्यांचा फोन आला. मुली जेवून गाद्या घालत होत्या. आमच्या कॉलेजात त्या आठवड्यात नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी, समिती आलेली, आणि जिमखान्याची पाहणी परवा होती ती एकाएकी उद्या सकाळवर आली. ‘उद्या फायनल आहे हो,’ सर दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा नुसतं ‘बरं’ म्हणाले. साडेदहाच्या एसटीला त्यांना सोडायला गेले तेव्हा त्यांनी मुलींच्या फॉर्मची फाईल आणि भत्त्यातले उरलेले चार हजार दोनशे रुपये माझ्या हातात दिले. ‘तू आहेस की,’ म्हणाले आणि खिडकीशी जाऊन बसले.

मी आठ वर्षं सहायक प्रशिक्षक आहे. हे पद कॉलेजच्या कुठल्याही कागदावर नाही. कागदावर मी ‘मानधन तत्त्वावर क्रीडा मार्गदर्शक’, आणि ते मानधनही जूनचं सप्टेंबरात येतं. बी.पी.एड. झालं, एम.पी.एड. झालं, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, एनआयएसचा, सहा आठवड्यांचा कोर्स केला. कॉलेजात क्रीडा संचालकाच्या जागेसाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते; सेट दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात गेली. आणि पास झाले तरी जागा निघायला पाहिजेत, तो वेगळाच विषय. सकाळी साडेसहा ते साडेआठ आणि संध्याकाळी पाच ते सात मी ग्राउंडवर असते. बॉलमध्ये हवा भरणं, फाटलेलं नेट शिवणं, बोनाफाईडसाठी क्लार्कच्या टेबलापुढे उभं राहणं, ‘अंधार पडायच्या आत पोरगी घरात पाहिजे’ म्हणणाऱ्या वडिलांच्या घरी जाऊन चहा पिणं, यातलं बरंचसं काम कोचिंगच्या कोर्सात शिकवत नाहीत.

सामना सुरू झाला की मात्र माझं काम बसण्याचं. नियमच तसा आहे: सहायक प्रशिक्षकाने संघाच्या बाकावर बसायचं, खेळात हस्तक्षेप करायचा नाही. टाइमआउट मागायचा तो कोचने, कोच नसेल तर कोर्टवरच्या कॅप्टनने. उभं राहून साइडलाइनला फिरायची मुभा कोचला. मला दिसतं, की समोरची पाच नंबर रिसिव्ह करताना, म्हणजे आलेली सर्व्हिस उचलताना, डाव्या खांद्याकडे आलेला बॉल सोडते. मी ते वहीत लिहिते, वही सरांकडे सरकवते. सर बघतात, कधी नाही बघत. त्याच नियमात पुढे असंही आहे, की कोचला काही कारणाने संघ सोडून जावं लागलं तर कॅप्टनने पंचांना सांगितल्यावर सहायकाला कोचचं काम करता येतं. हे वाक्य मी कोर्सच्या परीक्षेत लिहिलं होतं. वापरायची वेळ आठ वर्षांत आली नव्हती.

शिवाजी विद्यापीठाच्या इंटरझोनल स्पर्धा होत्या, मुलींच्या. कोल्हापूर, सांगली आणि सातारा अशा तीन झोनचे संघ. सामने सातारा झोनमधल्या एका कॉलेजच्या मैदानावर. मुरमाचं कोर्ट, आदल्या दिवशी पाऊस पडून गेलेला, एका कोपऱ्यात भुसा टाकलेला. सकाळी मुलांचा सामना त्याच कोर्टवर झाला. म्हणजे नेट 2.43 मीटरवर होतं, ते आमच्यासाठी 2.24 वर आणायचं. यजमानांच्या पोरांनी आणलं. सरांची सवय म्हणून मी मधोमध पट्टी धरून मोजलं, तर 2.27. तीन सेंटीमीटरनी काय होतं, असं एक पोरगा म्हणाला. आमच्या सेटरची, म्हणजे मारणारीला बॉल उचलून देणारीची, उंची पाच फूट एक इंच आहे, तिला विचार म्हटलं.

मुलींची नावं इथे लिहीत नाही. कोर्टवर तसंही आम्ही नंबरनेच बोलतो. दोन नंबर म्हणजे सेटर. आमच्या गावाकडची जुनी माणसं अजून ‘बूस्टर’ म्हणतात. हात लोण्यासारखे, बॉल तिच्या बोटांतून सुटताना आवाज येत नाही. फक्त ती पुढच्या रांगेत आली की नेटवरच्या हातांच्या भिंतीला, ब्लॉकला, भोक पडतं. सात नंबर आमची कॅप्टन, युनिव्हर्सल, म्हणजे मारणारी आणि वेळ पडली तर बॉल उचलून देणारीही. आणि बारा नंबर: पाच फूट नऊ इंच, वडील शूटिंग व्हॉलीबॉल खेळलेले, त्यामुळे पहिलं वर्षभर ही पोरगी आलेला प्रत्येक बॉल दोन्ही हात जोडून मारायची. ती सवय मोडण्यात तिचं एक वर्ष गेलं, दुसरं गुडघ्यात गेलं, आणि तिसऱ्या वर्षी ती बाकावर माझ्या शेजारी बसायची. दोन पुढच्या रांगेत आली की बाराने तिच्या जागी आत जायचं, तीन रोटेशन, म्हणजे सगळ्यांच्या जागा तीनदा फिरेपर्यंत, ब्लॉक करायचा, तेवढ्यात मागून सातने लिफ्ट द्यायची, म्हणजे मारायला बॉल उचलून द्यायचा, मग दोन परत. सरांची ही जुनी युक्ती. उरलेला वेळ बारा नंबर माझी वही सांभाळायची. रिसिव्हला कोणी किती मार्क मिळवले, समोरच्यांनी कुठून कुठे मारलं, सगळं तिच्या अक्षरात. अक्षर चांगलं होतं, म्हणून काम तिच्याकडे आलं.

पहिले चार सेट भराभर सांगते. 22-25 गेला, 25-19 आणि 25-21 घेतले, चौथा 20-25 गेला. उभी राहून कोचिंग करताना पहिला सेटभर मला हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. दुसऱ्या सेटपासून सगळ्या सर्व्हिस त्यांच्या पाच नंबरच्या डाव्या खांद्यावर टाकायला लावल्या आणि तिचं रिसिव्ह कोसळलं. त्या वेळी वाटलेला आनंद खोटा कशाला सांगू, सर तिथे नव्हते याचं मला अजिबात वाईट वाटलं नाही. चौथ्यात त्यांच्या कोचने तिला बसवलं, तिथे माझं भांडवल संपलं.

पाचवा सेट पंधराचा. मध्ये तीन मिनिटं. कॅप्टन टॉसला गेली, मुली पाणी पीत उभ्या, आणि मी गुडघ्यावर वही ठेवून स्लिप भरायला घेतली. स्लिप म्हणजे सहा घरांचा छोटा कागद: कोण कुठल्या जागेवरून सुरू करणार. भरायची, सही करायची, पंचांकडे द्यायची. एकदा दिली की बदलता येत नाही. माझं पेन चालेना. बाराने तिचं दिलं. वहीत मी आधी आकृती काढली होती आणि पहिल्या घरात ‘2/12’ असं लिहिलं होतं, म्हणजे दोन सुरू करेल, वेळ आली की बारा. त्यावरून स्लिपवर उतरवताना पहिल्या घरात मी 12 लिहिलं. सही केली. दिली.

संघ कोर्टवर उतरले. दुसरे पंच स्लिप हातात घेऊन एकेकीचा नंबर तपासत आले आणि थांबले.

‘मॅडम, तुमच्या स्लिपवर बारा आहे. कोर्टवर दोन उभी आहे.’

माझ्या पोटात खड्डा पडला. आणि शेजारी बारा नंबर उभी राहिली होती. तिने वही खुर्चीवर ठेवली, ट्रॅकपँटची नाडी सोडली, पँट पायांतून काढून नीट घडी घातली. एवढी घडी कशाला घालतेस, असं माझ्या डोक्यात आलं. गुडघ्याची कॅप वर ओढून ती साइडलाइनपाशी जाऊन उभी राहिली.

अशा वेळी दोन रस्ते असतात. स्लिपप्रमाणे बाराला खेळवायचं, त्याला काही दंड नाही. किंवा कोर्टवर आहे तीच हवी असेल तर बारा सुरुवातीची धरून तिच्या जागी दोन, असा बदल मागायचा. तो सहा बदलांतला एक म्हणून शीटवर चढतो. सेटरशिवाय पंधराचा सेट कसा सुरू करणार? मी बदलाची खूण केली. दुसऱ्या पंचांनी शिट्टी दिली, स्कोअररने लिहून घेतलं. बारा परत आली, पँट चढवली नाही, वही उचलून बसली. मी तिच्याकडे बघितलं नाही.

पहिली दोनेक रोटेशन गेल्यावर मला पुरतं उमगलं, मी काय करून बसले होते ते. सुरुवातीच्या सहातली खेळाडू बाहेर गेली तर त्या सेटमध्ये एकदा परत येऊ शकते. बदली खेळाडू मात्र सेटमध्ये एकदाच आत येते. रोज दोन सुरुवातीची आणि बारा बदली, म्हणून युक्ती चालायची. आता कागदावर उलटं झालं होतं. बाराला आत घेतलं की दोनचा सेट संपला, ती परत येणार नाही.

म्हणून 5-4 ला दोन पुढच्या रांगेत आली तेव्हा मी तिला तशीच ठेवली. त्यांच्या दहा नंबरने डावीकडून तीन बॉल तिच्या हातांवरून मारले, तिसरा तर तिने उडी मारलेली असताना तिच्या केसांवरून गेला. 6-8 ला कोर्ट बदललं. दोन माझ्यासमोरून जाताना म्हणाली, ‘ताई, बाराला घ्या ना.’ मी म्हटलं, ‘तू लिफ्टवर लक्ष दे.’

मग आम्ही वर आलो, तिच्याच लिफ्टवर. 11-13 वरून सर्व्हिस आमच्याकडे आली, 12-13, आणि रोटेशनमध्ये दोन पुन्हा पुढच्या रांगेत. आता तीन-चार गुणांचाच प्रश्न होता. बाराला म्हटलं, ‘जा.’

सातने सर्व्हिस केली. त्यांनी बॉल दहालाच दिला, आणि बाराचे दोन्ही हात नेटवर असे आले की दहाने मारलेला बॉल तिच्याच पायाशी पडला. 13-13. बाकावरच्या सगळ्या किंचाळल्या. पुढची सातची सर्व्हिस टेपला लागून आमच्याच बाजूला पडली. 13-14. त्यांची सर्व्हिस, आमचं रिसिव्ह चांगलं, सातने मागून पळत येऊन लिफ्ट दिली. थोडी बुटकी, नेटच्या जवळ. दोनने दिली असती तर हातभर मागे असती, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. बाराने तरी मारला. बॉल नेटच्या वरच्या पट्टीवर आपटला, एक क्षण तिथेच राहिल्यासारखा वाटला आणि आमच्या बाजूला उतरला.

बक्षीस समारंभ लवकर उरकला. सरांचा फोन आला. स्कोअर ऐकून थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘समितीने जिमखान्यात चार मिनिटं काढली. वजनकाटा चालतो का विचारलं.’ स्लिपचं मी त्यांना तेव्हाच सांगितलं. ते म्हणाले, ‘दोन आणि बारा एका घरात लिहायची सवय माझी. तुला माझ्याकडूनच लागली.’ मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं.

परतताना क्रूझरमध्ये मुली कराडपर्यंत गाणी म्हणत होत्या. हरलेल्या पोरी एवढ्या मोठ्याने गातात ते मला कधी समजलेलं नाही. कराडनंतर एकेक झोपली. बारा पुढे माझ्या शेजारी होती, तिला पेठ नाक्याला उतरायचं होतं. कासेगाव गेल्यावर मी तिला सांगून टाकलं, की स्लिपवर तुझा नंबर माझ्या चुकीने गेला होता.

‘माहितीये,’ ती म्हणाली. ‘तुम्ही लिहिताना बघितलं मी.’

‘मग बोलली का नाहीस?’

ती खिडकीबाहेर बघत राहिली. उसाचे ट्रॅक्टर एकामागे एक चालले होते. मग म्हणाली, ‘मला वाटलं, लिहिलं असंल तुम्ही.’

नाक्यावर वडील मोटरसायकल घेऊन उभे होते. तिने बॅग उतरवली, वही आणि पेन माझ्या मांडीवर ठेवलं. पेन तिचं होतं, ते मी खिडकीतून परत दिलं.

घरी येऊन वही उघडली. पाचव्या सेटचा तक्ता तिच्या अक्षरात 12-13 पर्यंत भरलेला होता. पुढची घरं कोरी. तेव्हा बाकावर लिहायला कोणी नव्हतं.