पेनिसिलिनची ॲलर्जी केसपेपरवरून खोडायची कशी

केसपेपरवर लाल पेनाने ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहिलेल्या रुग्णांची नीट तपासणी केली, तर १०० पैकी ९० हून अधिक जणांना हे औषध चालतं. शिक्का मात्र जन्मभर राहतो. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलीचं दर २१ दिवसांचं बेंझाथिन (लांब टिकणाऱ्या पेनिसिलिनचं इंजेक्शन) त्यापायी थांबतं, याचं फार वाईट वाटतं. हे काम मोठ्या शहरातल्या ॲलर्जीतज्ज्ञांसाठी राखून ठेवायचं कारण नाही. ग्रामीण रुग्णालयातला एमबीबीएस डॉक्टरही बरंच करू शकतो.

आधी खोदून विचारा. बेंझाथिनची सुई फार दुखते. पोरगं घामाघूम होऊन कोसळलं, की ‘रिॲक्शन’ लिहिलं जातं. कातडीत टोचलेल्या टेस्ट डोसनंतर शेजारी सलाइन टोचून तुलना न करताच नुसत्या लालीवर निदान होतं. लहानपणी तापात उठलेलं पुरळ बहुधा विषाणूचं असतं. फक्त मळमळ किंवा जुलाब झाले असतील, ॲलर्जी आई-वडिलांना असेल, किंवा नंतर मॉक्स, ऑगमेंटिन ही पेनिसिलिनच्याच गटातली औषधं बिनत्रास घेतली असतील, तर शिक्का तिथेच खोडा.

बाकीच्यांसाठी पेन-फास्ट, म्हणजे ॲलर्जीचा धोका सांगणारे गुण मोजा: त्रास ५ वर्षांच्या आतला असेल तर २ गुण; ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी), ओठ-चेहरा सुजणं किंवा कातडीची गंभीर रिॲक्शन असेल तर २ गुण; त्या त्रासावर उपचार लागले असतील तर १ गुण. ‘आठवत नाही’ म्हणाले तर वेळेचे आणि उपचाराचे गुण धरायचेच; आपल्याकडे नेमकं हेच सुटतं. बेरीज ३ पेक्षा कमी म्हणजे धोका कमी; अशांना औषधाची मात्रा देऊन चाचणी करता येते. पण कातडी सोलवटली, तोंडात फोड आले, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्तपेशींना इजा झाली, तर गुण काहीही येवोत, चाचणी नाही. ॲनाफिलॅक्सिसची शंका, अनियंत्रित दमा किंवा गरोदरपण यांपैकी काहीही असेल तर वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवा.

चाचणी सकाळच्या ओपीडीत, लेखी संमती घेऊन करा. सेट्रिझिन आणि सर्दीच्या गोळ्या ३ दिवस आधी बंद हव्यात, नाहीतर रिॲक्शन झाकली जाते. प्रौढाला अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम तोंडावाटे द्या आणि तासभर नाडी, बीपी, श्वास, कातडी पाहा. मन धजत नसेल तर आधी ५० मिलिग्रॅम, अर्ध्या तासाने उरलेलं. ॲड्रेनालिन ट्रेमध्ये काढून ठेवलेलं हवं, कुलपात नको: १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ऑक्सिजन आणि सलाइनही हाताशी असू द्या. पुरळ काही दिवसांनीही उठू शकतं, म्हणून फोन नंबर घ्या.

ऊसतोड कामगारांची चाचणी ते कोयता घेऊन निघण्याआधी उरका, म्हणजे हंगामात कारखान्याकडच्या दवाखान्यात नवा कागद दाखवता येतो. जुन्या नोंदीवर नुसती काट मारली तर पुढचा डॉक्टर भीतीने ती पुन्हा लिहितो. म्हणून तारीख, मात्रा, किती वेळ पाहिलं आणि ‘पेनिसिलिन चालतं’ हे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि रुग्णाच्या वहीत सहीनिशी लिहा, आणि सोबतच्या माणसालाही समजावून सांगा.