तुम्ही विचारलंत म्हणून: गोधड्या विकून महिन्याला किती सुटतात

"ताई, खरं सांगा, महिन्याला किती सुटतात?" हा प्रश्न मला सारखा येतो, कधी इन्स्टावर मेसेज, कधी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई, कधी नोकरी सोडायच्या बेतात असलेली भाचीची मैत्रीण. विचारणारीला बहुतेक वेळा स्वतःचं काहीतरी सुरू करायचं असतं, म्हणून गोलमोल उत्तर द्यायला मला आवडत नाही.

तर आधी आकडाच सांगते. मी सांगलीत राहते, तान्ह्या बाळांसाठी हाताने शिवलेल्या सुती गोधड्या, कुंच्या आणि थोडी झबली-टोपडी असं ऑनलाइन विकते. चांगल्या महिन्यात सगळा खर्च जाऊन पंधरा-सोळा हजार हातात राहतात, पावसाळ्यात सात-आठ हजारांवर येतं. विक्री मात्र त्या चांगल्या महिन्यात पंचेचाळीस हजारांची झालेली असते. रीलमध्ये लोक सांगतात तो आकडा बहुतेक हा विक्रीचा असतो, आणि तो ऐकून बायका उड्या मारतात म्हणून मला हे सविस्तर सांगायचंय.

एक गोधडी घेऊया. बाळाची, साधारण तीन फूट बाय साडेतीन फूट, तीन थर, वरचा छापील कॉटनचा आणि आतले मऊ मलमलचे. कापड आधी धुवून वाळवून घ्यावंच लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि गोधडी गोळा होते. कापड ३०० रुपये, दोरा ४०, पिशवी आणि टॅग ३५, कुरियर १०० च्या आसपास, आणि गेटवेने (ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा) पैसे आले तर त्यांचे २ टक्के अधिक त्याच्यावर जीएसटी म्हणजे चौतीसेक रुपये. झाले ५०९. मी गोधडी विकते १,४५० ला, कुरियर धरून. राहिले ९४१. ऐकायला किती छान वाटतं ना? आता टाके बघा. धावदोरा बाहेरच्या कडेने सुरू करून आत आत जायचं, दोन ओळींमध्ये जेमतेम दीड सेंटिमीटर, म्हणजे एका गोधडीत साठ मीटरच्या वर हाताची शिवण होते. मला त्याला अठरा तास लागतात. ९४१ भागिले १८ करा, तासाला बावन्न रुपये. यात फोटो काढणं, "अजून दुसरा रंग आहे का" याला उत्तर देणं, कुरियरवाल्याची वाट बघणं धरलेलंच नाही आणि ते रोजचा दीड तास खातं.

म्हणून मी प्रत्येकीला हेच सांगते की वस्तूमागे किती सुटले ते नका बघू, तासामागे बघा. आपल्याकडे बायकांना आपले तास मोजायचीच सवय नाही, "घरी बसूनच तर करतेस" हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की शेवटी आपणही मजुरी शून्य धरूनच किंमत लावतो, कापड तीनशेचं तर सहाशेला विकू, दुप्पट मिळाले. दुप्पट नाही मिळाले, दोरा, कुरियर आणि पॅकिंग गेल्यावर अठरा तासांचे सव्वाशे रुपये मिळाले. मला याचा खरंच राग येतो, कारण अशी एकजण सहाशेला विकते आणि मग बाकीच्या सगळ्यांनाही गिऱ्हाईक तोच भाव दाखवतं.

आता गंमत बघा, कुंची. बारशाला लागते, डोहाळजेवणाच्या ओटीत द्यायला लोक घेतात, मशीनवर शिवते, खण आणि आतून मऊ अस्तर, कडेला लेस. सगळं धरून दोन तास. ६५० ला जाते, कापड, लेस, पॅकिंग, कुरियर मिळून साडेतीनशे खर्च, राहिले तीनशे. म्हणजे तासाला दीडशे, गोधडीच्या जवळजवळ तिप्पट. माझ्याकडे लोक येतात ते गोधडी बघून, पाठवतात एकमेकींना तीच, पण महिन्याला वीस कुंच्या गेल्या की सहा हजार होतात आणि त्या महिन्यात मी निवांत असते. हाताने वस्तू करणाऱ्या बऱ्याच जणींचं असंच असतं, क्रोशाचं मोठं तोरण बघायला गर्दी आणि खपतात त्या कीचेन. तर मोठी वस्तू ठेवाच, पण शेजारी दोन-तीन तासांच्या आतली एखादी वस्तू असू द्या.

एकटीच्या हाताने किती होणार, हा यातला खरा अडसर. रोज पाच तास टाके घातले तरी महिन्याला आठच गोधड्या होतात, म्हणजे साडेसात हजार, बस. त्याच्या पुढे जायचं तर दुसरे हात लागतात. माझ्याकडे आता आसपासच्या चार बायका गोधड्या शिवतात, कापणं आणि थर लावून कच्चं टाचणं माझं, टाके त्यांचे. एका गोधडीचे सहाशे देते. त्यांचा हात माझ्यापेक्षा भरभर चालतो, बारा-तेरा तासांत होते. मला त्यातून साडेतीनशेच्या आतच उरतात, पण महिन्याला अठराएक गोधड्या त्यांच्या हातून होतात म्हणून माझं गणित बसतं. "मग मशीन लावा ना क्विल्टिंगचं" असं पण सांगतात लोक. मशीनची गोधडी ऑनलाइन तीन-चारशेला मिळते, तिथे मी कशाला जाऊ आणि कोणाला पुरी पडू. हाताच्या टाक्यांची गोधडी धुवून धुवून मऊ होत जाते, ते ज्याला हवंय तोच माझ्याकडे येतो.

कुरियरबद्दल थोडं सांगते कारण यात पैसे न कळत जातात. खाजगी कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००, तो आकडा जास्त असेल तर पैसे त्याचे. माझी गोधडी चारशे ग्रॅमची, पण फुगीर घडी घालून ३२ बाय २६ बाय १० च्या खोक्यात ठेवली की कागदावर ती एक किलो सहाशे ग्रॅमच्या पुढे जाते. तीच घट्ट दाबून नाडीने बांधून चार सेंटिमीटर जाडीच्या पाकिटात घातली की सातशे ग्रॅमच्या आत. आणि कॅश ऑन डिलिव्हरी मी ठेवलेलंच नाही, दारात पार्सल आल्यावर नको म्हणणारे असतातच, मग जाण्याचे आणि परत येण्याचे दोन्ही पैसे आपल्या गळ्यात.

परदेशातल्या ऑर्डरचं पण फार विचारतात. एट्सीवर (हाताने केलेल्या वस्तू विकायची अमेरिकन वेबसाइट) डॉलरमध्ये विका म्हणजे मजा, असं वाटतं. तिथे एक वस्तू चार महिने लावायला २० सेंट, विकली की साडेसहा टक्के (२०२२ च्या आधी पाच होते) आणि ते पोस्टेजवर सुद्धा, पैसे घेण्याची फी वेगळी, त्यांच्या बाहेरच्या जाहिरातीतून गिऱ्हाईक आलं तर छोट्या दुकानाला आणखी १५ टक्के. तरीसुद्धा परवडतं, कारण तिकडे हाताच्या कामाला भाव आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलची ड्युटीची सूट काढली आणि आपल्या पोस्टाने ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिकडची पार्सलं घेणंच थांबवलं होतं, तेव्हा ज्यांचा सगळा धंदा तिकडच्या गिऱ्हाइकावर होता त्यांचे फार हाल झाले. माझ्याकडे न्यू जर्सीवाल्या मुली गोधडी पसंत करतात, पैसे त्यांची पुण्यातली आई देते आणि बाळंतपणाला जाताना बॅगेत घालून नेते. हे आपलं सगळ्यात भरवशाचं कुरियर!

जीएसटीचं थोडक्यात: राज्यातल्या राज्यात वस्तू विकत असाल तर उलाढाल ४० लाखांच्या आत नोंदणी लागत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या ऑनलाइन बाजारांवर सुद्धा छोट्यांना नोंदणीशिवाय आपल्या राज्यात विकता येतं. राज्याबाहेर पाठवायचं तर नियम वेगळा, हस्तकलेच्या ठराविक यादीतल्या वस्तूंना सूट आहे, आपली वस्तू त्यात बसते का ते सीएला एकदा विचारून घ्या.

नोकरी सोडू का, असं विचारणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, घर तुमच्या एकटीच्या पगारावर चालत असेल तर नको. माझ्या घरात दुसरा पगार आहे, म्हणून जुलैत कापड आठ-आठ दिवस वाळत नाही आणि ऑर्डर रखडतात तेव्हा मी तग धरू शकते. एक अख्खं वर्ष नोकरी सांभाळून करा, थंडीतले महिने पण बघा (भीमथडीसारख्या जत्रेत आपला माल हातात धरून बघितलेलं गिऱ्हाईक नंतर वर्षभर ऑनलाइन मागवतं) आणि पावसाळा पण बघा, आणि वहीत रुपयांच्या शेजारी तास लिहा.

आणि हो, ज्या माझ्याकडून घेतात त्यांच्यासाठी, पाडव्यापासून गोधडी १,६५० ला होईल. वाढलेले दोनशे सगळे टाके घालणारीला जाणार आहेत, सहाशेच्या जागी आठशे. माझ्या आकड्यात त्याने फारसा फरक पडत नाही, आणि ऑर्डर थोड्या कमी झाल्या तरी मी हे करणार आहे.