पहिल्या पसंतीला पॉइंट, दुसऱ्या पसंतीला मटण

अमळनेरला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. पीकविमा, महाडीबीटी, उत्पन्नाचे दाखले, आणि जून-जुलै आला की प्रवेशाच्या कॅप राउंडची पोरं. लोकांचे पसंतीक्रम लावून देण्यातच दिवस जातो, त्यामुळे समोर कसलाही फॉर्म आला तरी हात शिवशिवतात. थोरल्या बहिणीचा मुलगा कोलोरॅडोत असतो, डेन्व्हरच्या वरच्या अंगाला. त्याने एकदा व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली आणि म्हणाला, "मामा, यात काय टाकू?" फॉर्म होता एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीचा. तेव्हापासून ते खातं माझ्याकडे.

आधीच सांगतो, हे सगळं तिकडचं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि शौकाची शिकार साफ बंद आहे. यावल अभयारण्याकडची गिऱ्हाइकं रानडुकरांनी मका लोळवला म्हणून नुकसानभरपाईचे फॉर्म भरायला येतात. त्यातल्या एका आप्पांनी भाच्याचा फॉर्म स्क्रीनवर बघितला आणि हळूच विचारलं, "आपलाकडे असं लायसन भेटस का?" म्हटलं, आप्पा, तो विषय इथेच सोडा, पंचनाम्याचा कागद काढा.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातला, पण अंगाने थोराड. मादी सव्वादोनशे किलोच्या आसपास, नर तीनशेच्या वर. कोलोरॅडोत यांचे कळप अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा मोठे. तिथलं वन्यजीव खातं राज्याचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याला नंबर देतं, आणि कुठल्या तुकड्यात, कुठल्या हंगामात, किती नर आणि किती माद्या मारायला परवानगी द्यायची ते कळपाच्या अंदाजावरून ठरवतं. मागणी जास्त आणि परवाने कमी असले की ड्रॉ, म्हणजे सोडत. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी रात्री आठला संपते, म्हणजे आपल्याकडे बुधवारी सकाळी साडेसात. मी दुकान उघडायच्या आधी एकदा फोन करतोच, कारण भाचा शेवटच्या तासाचा माणूस आहे.

सुरुवातीला तो ऑफिसातल्या मित्रांचं ऐकायचा. त्यांनी डोक्यात भरवलं होतं की टाकायचे तर राज्याच्या वायव्य कोपऱ्यातले २, १० आणि २०१ नंबरचे तुकडे. तिथे मोठ्या शिंगांचे नर निघतात. पण पहिल्या पसंतीला नंबर लागला नाही की त्या वर्षाचा एक पॉइंट जमा होतो, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याला परवाना आधी. तिथल्या चांगल्या हंगामाला वीस-वीस वर्षं पॉइंट साठवलेली माणसं रांगेत उभी. दरवर्षी भाच्याचा फोन यायचा, "मामा, यंदा बी नंबर लागना नही." त्याची आई त्याला म्हणायची, देवाला नारळ फोड. मी म्हटलं, नारळ राहू दे, आधी मला कटऑफ दाखव. आणि एवढं सांग की तुला भिंतीवर शिंगं टांगायचीत की घरात मटण पाहिजे? म्हणाला, मटण. गॅरेजमध्ये आडवा फ्रीझर घेऊन ठेवलेला आणि आत मटाराच्या पिशव्या.

मग खात्याची पीडीएफ उघडली. मागच्या वर्षी कुठला परवाना कितीवर संपला, त्याचा तक्ता असतो त्यात. प्रत्येक परवान्याला एक कोड. पहिलं अक्षर जनावराचं, दुसरं नर-मादीचं, मग तुकड्याचा नंबर, मग हंगाम, शेवटी हत्यार. एकदा वाचायची सवय झाली की सीईटीच्या चॉइस कोडपेक्षा सोपं. वरच्या ओळीत नराचा परवाना बऱ्याच पॉइंटांवर संपलेला. त्याच तुकड्याच्या मादीच्या ओळीत मात्र लिहिलेलं असतं की दुसऱ्या पसंतीपर्यंत मिळाला, किंवा कोणी घेतलाच नाही आणि उरला. माझी नजर तिथेच अडकली. लोक नरासाठी रांगेत आणि मटण मादीच्या ओळीत पडून.

आता यातली खरी मेख. कोलोरॅडोच्या फॉर्मवर चार पसंत्या असतात. साठवलेले पॉइंट फक्त पहिली पसंती लागली तरच खर्च होतात. दुसरी, तिसरी, चौथी लागली तर पॉइंटांना धक्का लागत नाही. आपल्या कॅपमध्ये पहिला ऑप्शन लागला की पोरगं तिथेच अडकतं, खालचा लागला तर पुढे खेळायला मोकळं असतं, तसाच काहीसा प्रकार. आणि पहिल्या पसंतीला नुसता पॉइंट मागायचा कोड टाकायची सोय आहे: ई-पी-९९९-९९-पी. हा टाकला की शिकार मिळत नाही, पॉइंट मिळतो. मग दुसऱ्या पसंतीला मागच्या वर्षी दुसऱ्या पसंतीतच सुटलेला मादीचा परवाना टाकायचा. एका फॉर्मवर पॉइंटही वाढला आणि परवानाही हातात. भाच्याने आधी विश्वासच ठेवला नाही. नियमांचं पुस्तक त्याच्याकडूनच वाचून घेतलं, तेव्हा गप्प बसला.

तक्त्यात सोपा दिसतो तो प्रत्येक परवाना घेण्यासारखा नसतो. काही तुकड्यांत सरकारी जमीन अगदी थोडी, बाकी सगळी खाजगी कुरणं. परवाना मिळतो पण पाय ठेवायला जागा नाही. म्हणून नकाशात वनखात्याची आणि सरकारी जमीन किती, ते आधी बघायचं. दुसरं, हंगाम. बंदुकीचे चार हंगाम असतात, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. ऑक्टोबरात कधीकधी दुपार चांगलीच तापते आणि एवढ्या मोठ्या जनावराचं मांस आतून लवकर थंड होत नाही. उशिराच्या हंगामात थंडी मदतीला असते, आणि बर्फ पडला की कळप वरच्या डोंगरातून खाली सरकतात. तिसरं, घरापासूनचं अंतर. आठ तास गाडी हाकायची, तर पेट्रोलमध्येच मटणाचा भाव निघतो. मित्र त्याला लांबचे तुकडे सुचवत होते, मी जवळचेच लावले. त्याच राज्यात राहणाऱ्याला परवाना स्वस्त आहे. बाहेरच्या राज्यातून येणारा त्याच्या कित्येक पट मोजतो.

मादी पडल्यावरचं काम त्याने मला फोनवर दाखवलं होतं. जनावर उचलून गाडीत टाकता येत नाही. जागेवरच कातडं काढून चार फऱ्या वेगळ्या करायच्या, पाठीची लांब पट्टी सोडवायची, मानेचं मांस काढायचं, सगळं जाळीदार सुती पिशव्यांत भरून सावलीत फांदीला टांगायचं, म्हणजे वारा लागून वरून कोरडी पापडी धरते. मादीच आहे याचा पुरावा मांसाला लागलेला ठेवावा लागतो, नाहीतर रस्त्यात अधिकारी अडवतो. मग पाठीवर एकेक खेप. अंगात भडक नारिंगी जाकीट कायद्यानेच सक्तीचं. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून आलं तर तो गुन्हा, आणि विकलं तरी गुन्हा. वाटायला मात्र हरकत नाही. हाडं काढून साठ-सत्तर किलो निघतं.

फ्रीझरमध्ये गेल्यावरही लगेच खायचं नाही. तिकडच्या हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदू पोखरणारा रोग आहे. तो सगळ्यात आधी १९६७ मध्ये कोलोरॅडोतच, फोर्ट कॉलिन्सला बंदिस्त हरणांत दिसला. शिजवल्याने तो जात नाही. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी रोग निघालेलं मांस खाऊ नका असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. म्हणून डोकं तपासणीला द्यायचं. रिपोर्ट येईपर्यंत भाचेसून प्रत्येक पाकिटावर तारीख आणि मार्करने "थांबा" लिहिते. देवनागरीत लिहिते, म्हणजे पाहुणा आलेला मित्र हात घालत नाही असं तिचं म्हणणं. मला उलट वाटतं, पण असो.

चव विचाराल तर मी खाल्लेलं नाही. बहीण जाऊन आली, तिचं मत ऐका: "बकरासारखं नही, चरबीच नही त्याले." तिने इथून नेलेला काळा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं आणि कांदा घालून रस्सा केला, पण तर्री येईना. शेवटी तेल वेगळं तापवून वरून सोडलं. नळीचं मांस कुकरशिवाय लवकर शिजत नाही, कारण तिथे उंचीमुळे पाणी पंच्याण्णव अंशालाच उकळतं. खिमा मात्र उत्तम होतो म्हणे. कळण्याची भाकरी नव्हती, टॉर्टियावर भागवलं.

यंदाचा फॉर्म असा लावलाय. पहिल्याला पॉइंटचा कोड. दुसऱ्याला जवळच्या तुकड्यातला, सरकारी जमिनीवरचा तिसऱ्या हंगामातला मादीचा परवाना. तिसऱ्याला त्याच्या शेजारच्या तुकड्यातला. चौथ्याला खाजगी जमिनीपुरता मादीचा, जो बहुतेक उरतोच. निकाल मेअखेर-जूनमध्ये, मग दुसरा ड्रॉ, आणि तिथूनही उरलेले ऑगस्टमध्ये थेट विक्रीला. हात रिकामा राहील असं दिसत नाही.

चौथ्याची एकच अडचण आहे. तो लागला तर जमीनमालकाची परवानगी लागणार, आणि ती फॉर्म भरायच्या आधी विचारून ठेवायला हवी. मालकांना एल्कचं कौतुक नसतं. हिवाळ्यात रचून ठेवलेल्या गवताच्या गंज्या कळप येऊन फस्त करतात, म्हणून मादी मारायला पुष्कळ जण हो म्हणतात. मक्याच्या आप्पांना ओळखणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. पण भाचा फोन लावायला लाजतो. "उद्या लावतो मामा," एवढंच रोज ऐकतोय. माझं इंग्रजी बरं असतं तर मीच लावला असता.